चाळीस बाटल्या ऊन

२ मार्च

औषध कंपनीची डायरी. प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. कुणी दिली आठवत नाही. जानेवारी-फेब्रुवारी कोरे गेले. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज आहे. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. पाणीटंचाईमुळे गच्चीवरच्या झाडांना नळाचं पाणी घालता येणार नाही. वापरलेलं सांडपाणी घालायचं असेल तर ते निर्जंतुक असल्याचा लॅबचा रिपोर्ट पंधरा एप्रिलपर्यंत द्यावा, कारण गच्चीवर मुलं खेळतात आणि मागच्या वर्षी तिघांना जुलाब झाले होते. अन्यथा ड्रम हटवण्यात येतील.

हटवण्यात येतील म्हणे. कोण हटवणार, ते लिहायची हिंमत नाही.

गच्चीवर ड्रम फक्त आमचे आहेत. म्हणजे यांचे. सात. लिंबं दोन, डाळिंब एक, अंजीर एक, गुलाब तीन. हे ऑक्टोबरात गेले. मला झाडांचं काडीचं प्रेम नाही, कधीच नव्हतं. नखांत माती घेऊन ताटावर बसू नका, हे सांगण्यात माझी बावीस वर्षं गेली. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. चौतीस वर्षं मी एका मोठ्या हॉस्पिटलात निर्जंतुकीकरण विभाग चालवला. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, गाऊन, सगळं माझ्या हाताखालून वाफेत जायचं आणि मगच वर थिएटरमध्ये. आणि हे लोक मला निर्जंतुक म्हणजे काय ते सांगणार.

रिपोर्ट मिळेल. पंधरा एप्रिल कशाला, पंधरा मार्चलाच तोंडावर फेकते.

३ मार्च

पद्धत ठरली. ऊन. नोकरीत असताना एका ट्रेनिंगमध्ये ऐकली होती. बाकीच्या बायका मागे बसून स्वेटर विणत होत्या, मी नोट्स काढल्या. वही सापडली. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत गाळलेलं पाणी भरायचं, आडवी करून सहा तास कडक उन्हात ठेवायची. उन्हातले किरण आणि उष्णता, दोघं मिळून जंतू मारतात. ढगाळ असेल तर दोन दिवस. पाणी गढूळ चालत नाही, ऊन आत शिरत नाही. खर्च शून्य. वीज शून्य. सेक्रेटरीची मदत शून्य.

आंघोळीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी बादलीत धरायचं, कपड्यातून, मग वाळूतून गाळायचं, बाटल्यांत भरायचं. दीड लिटरच्या चाळीस बाटल्या. साठ लिटर रोज. सात ड्रमना भरपूर.

हे असते तर म्हणाले असते, अगं, दोन मग साबणाचं पाणी घातलं की झालं. यांचं सगळं 'घातलं की झालं' असंच होतं.

५ मार्च

कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणल्या. त्याने विचारलं, मावशी, धंदा सुरू करताय का? म्हटलं, हो, तुझा बंद करायचा. त्याने सहा बाटल्या जास्त दिल्या.

जिन्यात खालचा वकील भेटला. गच्चीच्या बरोबर खाली राहतो. पन्नाशी गाठलेला माणूस, मला काकू म्हणतो. "काकू, एवढ्या बाटल्या! पार्टी वगैरे?" म्हटलं, तुमचा निरोप समारंभ. हसला. त्याला माझ्या बोलण्याचं काही लागत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

बाटल्यांची लेबलं सोलण्यात दुपार गेली. बरं वाटलं असं नाही. वेळ गेला.

६ मार्च, सकाळी ८

पहिला दिवस. गच्चीवर जुना पत्रा टाकून त्यावर चाळीस बाटल्या चार ओळींत आडव्या. कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या प्रार्थनेला आम्ही अशाच उभ्या असायचो. एकही ओळ वाकडी नाही. सिस्टरनी पाहिलं असतं तर मान हलवली असती. त्यापेक्षा जास्त कौतुक त्या कुणाचंच करत नसत.

दुपारी २

सहा तास झाले. आता तपासणी. थर्मामीटर आणायचा होता, पण तापाचा थर्मामीटर बेचाळीसच्या वर जात नाही आणि दुसरा मिळेल तिथे जायचं म्हणजे दोन बस. गरज काय? माझं बोट आहे. चौतीस वर्षं वाफेजवळ काढलेलं बोट आहे. बाटली उघडायची, करंगळी आत घालायची. चटका बसला की पन्नासच्या वर. नुसतं गरम असेल तर पंचेचाळीस. कोमट असेल तर परत उन्हात. प्रत्येक बाटलीला टिक केली. चाळीसपैकी एकतीस पास.

सात ड्रमकडे पाठ करून खुर्ची मांडली आहे. समोरून ऊन डोळ्यांवर येतं. पाठ केलेली बरी.

९ मार्च

लेकीचा फोन. रोज एकच वाक्य. "आई, तू बरी आहेस ना?" बरी नसायला काय झालं. "आई, इकडे ये राहायला. ती झाडं देऊन टाक कुणाला तरी." म्हटलं, देऊन टाकायला ती माझी आहेत का? मग म्हणाली, "बाबांच्या लिंबाला फुलं आली का गं? मार्चमध्ये यायची." म्हटलं, आली असतील, मी काय फुलं मोजत बसू? मी जंतू मोजतेय. ती म्हणाली, आई, रडलीस तरी चालेल. काय बोलणार अशा मुलीशी. फोन चार्जिंगला लावला.

खरं तर रडायचा प्रयत्न केला होता नोव्हेंबरमध्ये. जमलं नाही. दहा मिनिटं बाथरूममध्ये उभी राहिले, मग बादली भरली म्हणून बाहेर आले.

१२ मार्च

सेक्रेटरी घरी आला. यांचा मित्र, दोघं गच्चीवर तासन्तास बसायचे. मला वहिनी म्हणतो. नोटीस लावताना नव्हती आठवली वहिनी. त्याने एक हमीपत्र पुढे केलं: रिपोर्ट येईपर्यंत ड्रमना नळाचं पाणी घालणार नाही. खाली सही. "नुसती फॉर्म्यालिटी आहे वहिनी. थोडंफार इकडे तिकडे झालं तर कोण बघतंय."

मला 'इकडे तिकडे' चालत नाही. पेन घेतलं आणि खाली माझ्या हाताने, इंग्रजीत, पल्लेदार अक्षरात एक वाक्य जोडलं, की रिपोर्ट येईपर्यंत मी या झाडांना सांडपाणीसुद्धा, निर्जंतुक केलेलं वा न केलेलं, एक थेंबही घालणार नाही. एक थेंबही. अधोरेखित.

तो म्हणाला, "वहिनी, एवढं नको. झाडं आहेत ती." मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. माझ्या डिपार्टमेंटमध्ये तपासल्याशिवाय एक चिमटासुद्धा बाहेर जात नव्हता. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. चहा न पिता गेला. हरला.

१३ मार्च

रोजचं साठ लिटर निर्जंतुक पाणी आता करायचं काय? रिपोर्ट नाही, म्हणजे ड्रमना नाही. संडासात ओतते. चाळीस बाटल्या भरायच्या, सहा तास तापवायच्या, करंगळीने तपासायच्या, ओतायच्या. या सोसायटीत इतका स्वच्छ संडास दुसरा नसेल.

झाडांना चार दिवस उपास घडेल. हरकत नाही. यांनी लाडावून ठेवलंय त्यांना.

१५ मार्च

आज रिपोर्ट फेकणार होते. थोडं मागे पडलंय. घाई करून काम बिघडवणं ही माझी पद्धत नाही.

झाडं हिरवीगार. उठताना मागे वळून पाहिलं तर डाळिंबाची पानं चकाकत होती. तीन दिवस एक थेंब नाही आणि तरी टवटवीत. म्हणजे हे रोज दोन-दोन तास पाणी घालत बसायचे ते सगळं फुकट. मी आधीच म्हणत होते. यांना सांगायला हवं होतं.

१८ मार्च

उघड झालं.

दुपारी एकला वर गेले, नेहमीपेक्षा लवकर. आमच्याकडे कामाला येणारी बाई बादली घेऊन लिंबाच्या ड्रमपाशी वाकलेली. कपडे पिळल्याचं पाणी, फेसासकट. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, तेरा तारखेपासून, ताई, रोज. "उन्हाचं मरतंय ते. माझ्या घरी मी हेच पाणी भाजीला घालते. काय होतंय त्याला?"

मी म्हटलं, काय होतंय ते सूक्ष्मदर्शकाखाली बघ. मुलं खेळतात इथे. माझी सही आहे कागदावर. ती म्हणाली, "तुमची सही आहे, झाडाची कुठे आहे?"

हे ऐकून घेणाऱ्यातली मी नाही. चांगलं सुनावलं. आता तिला गच्चीवर पाय ठेवायची मनाई आहे. फेसाचा डाग मी स्वतः फिनाइलने पुसला. ड्रमचा काठसुद्धा.

ती जाताना म्हणाली, "काका असते तर मला घालू दिलं असतं." म्हटलं, काका नाहीत. दार लावलं. कुलूप घालायला दोन मिनिटं लागली, किल्ली फिरत नव्हती. कुलूप जुनं झालंय.

२२ मार्च

दोन नमुने लॅबला दिले. एक 'आधी'चा, न तापवलेला. एक 'नंतर'चा, तापवलेला, सर्वांत कडक बाटलीतला. करंगळीला नीट चटका बसला, दोनदा घालून खात्री केली. लॅब माझ्याच जुन्या हाताखालच्या टेक्निशियनची आहे. नोकरीत मी तिला 'घाई' म्हणायचे. हातमोजे न घालता ट्रेला हात लावायची. आता स्वतःची लॅब, काचेचं दार, कोचावर मासिकं. ती नव्हती, काउंटरवरच्या मुलीकडे दिले.

मुलीने विचारलं, कशाचे नमुने? म्हटलं, न्यायाचे. तिने 'सांडपाणी' लिहिलं.

२५ मार्च

रिपोर्ट आला.

'आधी': आतड्यातले जंतू आढळले. बरं. तेच अपेक्षित होतं.

'नंतर': आतड्यातले जंतू आढळले. आधीपेक्षा जास्त.

चूक आहे. बाटल्यांची अदलाबदल झाली. फोन केला, काउंटरवरच्या मुलीला पाच मिनिटं समजावून सांगितलं की ऊन लागल्याने जंतू वाढत नसतात, त्यांचा उन्हाळी वर्ग भरत नसतो. ती 'हो मॅडम' म्हणत राहिली. घाई तिथे नव्हती म्हणे. मी म्हटलं, तिला सांगा, हातमोजे घाला.

रात्रीचं जेवले की नाही आठवत नाही. ताट सिंकमध्ये होतं, म्हणजे जेवले असेन.

२६ मार्च

कारण सापडलं. चाळीसपैकी सहा बाटल्या हिरव्या होत्या, रसवाल्याने जास्त दिलेल्या त्या. हिरव्या प्लास्टिकमधून किरण नीट जात नाहीत. वहीत लिहिलेलं होतं, मीच लिहिलेलं. रसवाल्याला भेटून सांगितलं की तुझ्यामुळे माझा रिपोर्ट बिघडला. त्याने सहा पारदर्शक दिल्या आणि एक पेला रस. फुकट. का ते कळलं नाही. बहुधा अपराधी वाटलं असेल.

वाळूचा थर दुप्पट. आजपासून सहाऐवजी सात तास. आणि तपासणी अजून कडक: एकदा नव्हे, दर तासाला प्रत्येक बाटलीत करंगळी. सात तास, चाळीस बाटल्या. दोनशे ऐंशी.

२९ मार्च

गच्चीवर पानं पडतात. पत्र्यावर उडून येतात, बाटल्यांवर सावली पडते. झाडून काढते. दिवसातून तीनदा. ऋतूच तसा आहे, झाडं पानं टाकतात. हे म्हणायचे, टाकल्याशिवाय नवी येत नाहीत. म्हणजे तब्येत चांगली आहे.

करंगळी सोलून निघाली आहे. बँडेड लावलं. बँडेडवरून गरम नीट कळत नाही म्हणून काढलं.

३१ मार्च

लेकीचा फोन. या शनिवारी येते म्हणाली. मी म्हटलं, येऊ नकोस, मला वेळ नाही, कामात आहे. "कसलं काम आई?" म्हटलं, तुझ्या बापाची झाडं वाचवतेय. बोलून गेले. मग सारवासारव केली, म्हणजे सेक्रेटरीला धडा शिकवतेय असं म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "फोटो पाठव ना आई लिंबाचा." म्हटलं, पाठवते. फोनचा कॅमेरा बिघडला असावा. नाही पाठवला.

दुसरा नमुना दिला.

२ एप्रिल

घाई स्वतः आली. घरी. हातात रिपोर्टचा लिफाफा. नोकरीतली जुनी सवय, ती दारात उभी राहिली, मी बस म्हणेपर्यंत बसली नाही. केस पिकलेत तिचे.

म्हणाली, मॅडम, या वेळी जंतू मोजण्यापलीकडे आहेत. तुम्ही कसं करता ते बघते, चालेल? मी म्हटलं, बघ की. शिकशील काहीतरी.

वर गेलो. तिने ओळी बघितल्या, गाळणं बघितलं, वाळू बघितली. म्हणाली, मॅडम, परफेक्ट आहे हे सगळं. मी म्हटलं, माहीत आहे. मग दोनचा ठोका. बाटली उघडली, करंगळी घातली, टिक केली. दुसरी उघडली. तिसरी. नवव्या बाटलीला तिने माझा हात धरला.

धरला म्हणजे मनगटाला. हळूच. म्हणाली, "मॅडम, बोट."

मी म्हटलं, बोटाचं काय? बोटाशिवाय कळणार कसं?

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बादली धरता, वाळू चाळता, केर काढता. मग तेच बोट प्रत्येक बाटलीत. ऊन मारतंय आणि तुम्ही परत सोडताय. रोज. दर तासाला."

पुढे म्हणाली, पहिल्या वर्षी तुम्ही मला यावरूनच एका आठवड्यासाठी घरी बसवलं होतं. रागाने नाही म्हणाली. मला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. करंगळी साडीच्या पदरात गुंडाळून धरली.

ती अर्धा तास बसली. जाताना ड्रमकडे बघून काहीतरी म्हणणार होती. मी म्हटलं, नमुना परत देईन. ती म्हणाली, हो मॅडम.

३ एप्रिल

काही नाही.

४ एप्रिल

खूप आहे. काल उगीच वाया घालवला.

दोन बस बदलून थर्मामीटर आणला. प्रयोगशाळेतला, लांब काचेचा. सगळ्यांत घालायचा नाही, एक बाटली फक्त मोजण्यासाठी वेगळी. उरलेल्या बाटल्या भरून झाकण लावल्यावर कुणीही उघडणार नाही. मी तर नाहीच. हातमोजे घातले. मास्कसुद्धा. खालचा वकील जिन्यात म्हणाला, "काकू, ऑपरेशन आहे का कुणाचं?" म्हटलं, तुमच्या जिभेचं. आज तोही हसला नाही. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत बाजूला झाला.

अकरा दिवस आहेत. पुरे.

मोजणीची बाटली दुपारी दीडला त्रेपन्न अंश. मी करंगळीने नेहमी पन्नासच्या वर सांगायचे. म्हणजे बोट बरोबरच होतं. चूक फक्त स्वच्छतेची होती.

८ एप्रिल

कामवाल्या बाईने फरशी पुसता पुसता सांगितलं. मनाईमुळे ती वर जात नाही, पण तिला शेजारच्या इमारतीच्या जिन्यातून दिसतं. तिथेही करते ती काम. म्हणाली, "ताई, वर जाऊन लिंबाकडे बघा एकदा. नीट."

म्हटलं, रोज बघते.

"पाठमोऱ्या बघता."

मी म्हटलं, लादी पूस. ती म्हणाली, पुसते. मग पोछा पिळला, बादलीत पाणी बरंच पडलं, ती बादलीकडे बघत राहिली. मी पण. मग तिने ते मोरीत ओतलं.

११ एप्रिल

नमुना दिला. नऊ दिवस कुणी आत बोट घातलेलं नाही. घाईने स्वतः घेतला, सीलबंद, माझी सही, तिची सही.

१३ एप्रिल

पास.

एकही जंतू नाही. शून्य. आधीच्या नमुन्यात ढीगभर, नंतरच्यात शून्य. रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. झेरॉक्सच्या तीन प्रती. लेकीला फोन केला. ती खूप खूश झाली, जरा जास्तच. म्हणाली, बाबांना अभिमान वाटला असता. मी म्हटलं, वाटू दे.

रात्री झोप लागली नाही, आनंदामुळे असणार. आनंद झाला की नाही नक्की सांगता येत नाही, पण दुसरं कारण नाही.

१४ एप्रिल

सेक्रेटरीच्या हातात रिपोर्ट दिला. फेकणार होते. दिला. त्याने चष्मा काढून वाचला, मग परत चष्मा लावून वाचला. "वहिनी, कमाल केलीत हो. उद्या कमिटी वर येईल, नियमाप्रमाणे पाहणी." म्हटलं, यावं.

उद्यासाठी पांढरी साडी इस्त्री केली. ड्युटीवरची. गच्ची झाडून घ्यायची आहे, पानं फार झाली आहेत. पोतंभर.

१५ एप्रिल, दुपारी १२

कमिटी आली. सेक्रेटरी, खजिनदार, आणि कमिटीवर आहे म्हणून खालचा वकील. ओळीत उभे राहिले. मी पत्र्याजवळ, माझ्या चाळीस बाटल्यांपाशी. पद्धत सांगितली. सात मिनिटं बोलले, न अडखळता. वकिलाने टाळ्या वाजवायला हात उचलले.

मग ते तिघं माझ्या मागे बघायला लागले.

खजिनदार पायातल्या चपलेकडे बघत होता. सेक्रेटरी पुढे गेला, लिंबाची एक फांदी धरली. मोडली. कटकन. दुसरी धरली, सोडून दिली. अंजिराला हात लावलाच नाही त्याने. गुलाबाच्या काड्या. डाळिंबावर एक पान होतं, तेही चिकटलेलं, लोंबत.

सेक्रेटरी म्हणाला, "वहिनी, आम्ही परवानगी देतो." खिशातून पेन काढलं. "सर्वानुमते. एक वर्षासाठी. मग दरवर्षी नवी." त्याने कागदावर लिहिलं, तिथेच, ड्रमच्या काठावर कागद टेकून. सही केली. खजिनदाराने केली. वकिलाने केली. मला दिला.

मी थँक यू म्हटलं. इंग्रजीत. सिस्टर असंच सांगायच्या, कुणी काहीही दिलं तरी आधी थँक यू.

परवानगी मिळाली आहे. माझ्याकडे लेखी आहे.

संध्याकाळी ६.४०

परवानगी मिळाली म्हणून पाणी घातलं. चाळीस बाटल्या. सगळ्या. लिंबाला जास्त, आठ-आठ. बाटली उघडली की पाणी कोमट, स्वच्छ, वास नाही. असं पाणी या ड्रमना कधी मिळालं नसेल.

राहिलं नाही. माती आक्रसून ड्रमच्या भिंतीपासून सुटली होती. बोटभर फट. पाणी वरून पडायचं, मातीवर थांबायचंच नाही, कडेने सरळ खाली. खालच्या भोकांतून बाहेर. लाल पाणी गच्चीवर, तिथून नळीतून खाली. मी ओतत राहिले. मातीला जरा वेळ लागेल असं वाटलं.

दहा मिनिटांत वकील वर. धापा टाकत. "काकू! काय चाललंय काय! माझे शर्ट! उद्या कोर्ट आहे माझं, सगळे पांढरे शर्ट बाल्कनीत..." आणि हातात एक शर्ट, तपकिरी ओघळाचा.

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. एवढी वर्षं या माणसासाठी माझ्याकडे रोज काहीतरी तयार असायचं. तो माझ्या बोलण्याची वाट बघत थांबला. खरंच थांबला. मग शर्ट खाली केला, ड्रमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "राहू दे काकू. असू दे."

मी म्हटलं, द्या, धुऊन देते. तो नको नको म्हणाला. मी त्याच्या घरी गेले आणि घेऊन आले. सहा आहेत.

दोन शर्टांचा डाग निघाला, चारांचा अजून फिका आहे. तीन बादल्या नळाचं पाणी लागलं. चौथी भरतेय. कुणी काही म्हणालेलं नाही.